साध्या वेशातला सैनिक: गुन्हा नेमका कुठे?

30 जानेवारी 2024 रोजी वेस्ट बँकमधल्या जेनिनच्या इब्न सिना रुग्णालयात इस्रायली पथक डॉक्टरांच्या आणि सामान्य स्त्री-पुरुषांच्या वेशात शिरलं आणि त्याने तिघा पॅलेस्टिनींना ठार मारलं. सीसीटीव्हीची दृश्यं जगभर फिरली. ‘सैनिकाने गणवेश काढला की झाला युद्धगुन्हा’ असं अनेकांनी ठरवून टाकलं. कायदा इतका सरधोपट नाही.

युद्धाचे नियम ठरवणाऱ्या 1977 च्या पहिल्या जिनिव्हा प्रोटोकॉल या कराराच्या 37 व्या कलमात विश्वासघाताचे तीन दुवे आहेत. आपण नागरिक, जखमी किंवा शरणागत आहोत, म्हणजे कायद्याने संरक्षित आहोत, असं शत्रूला भासवणं हा पहिला. तो विश्वास मोडायचा हेतू, हा दुसरा. त्याच्या आडून शत्रूला ठार, जखमी किंवा कैद करणं, हा तिसरा. एक जरी निसटला तरी कलम लागत नाही. साध्या वेशात नुसती टेहळणी केली, तर तिसरा दुवा नाही. साध्या वेशात रिकामा पूल उडवला, तरीही नाही. हिरवं जाळं पांघरून दबा धरला, तर पहिलाच नाही, कारण झुडपाला कुठलाच करार संरक्षण देत नाही. नकली रणगाडे, खोटे वायरलेस संदेश वैध आहेत ते याचमुळे. भारत, इस्रायल, अमेरिका या प्रोटोकॉलमध्ये नाहीत. पण विश्वासघाताने मारण्यावरची बंदी 1907 च्या हेग नियमांतही आहे आणि रूढ कायदा, म्हणजे देशांच्या प्रथेतून घडलेला कायदा, म्हणून ती सर्वांना लागू आहे.

विश्वासघात सिद्ध झाला नाही तरी वेशांतर महागात पडतं. 10 मार्च 1965 रोजी सिंगापूरच्या मॅकडोनाल्ड हाउसमध्ये दोन इंडोनेशियन नौसैनिकांनी साध्या कपड्यांत बॉम्ब ठेवला, तिघे मेले. पकडल्यावर त्यांनी युद्धकैद्याचा दर्जा मागितला, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तो नाकारला. गणवेशातल्या सैनिकाने लढाईत शत्रूला मारलं तर तो खून ठरत नाही. यांच्यावर मात्र खुनाचाच खटला चालला आणि 1968 च्या ऑक्टोबरात दोघांना फाशी झाली. सिनेमातला कमांडो फेरीवाला बनून शत्रूला लोळवतो तेव्हा थिएटर टाळ्या वाजवतं. तो सापडला तर पुढे काय, हे पटकथेत नसतं. आणि त्यानंतर नाक्यावरचा पहारेकरी खऱ्या फेरीवाल्यावरही आधी गोळी झाडू लागतो, तेही नसतं.

उलट बाजूही आहे. कोणाला इजा न करता, केवळ निसटण्यासाठी साधे कपडे घातलेला युद्धकैदी पुन्हा सापडला, तर त्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा, फार तर 30 दिवसांची. आणि हेरगिरी करून आपल्या सैन्यात परतलेला सैनिक नंतर हाती लागला, तर जुन्या हेरगिरीबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही.