वळणाबरोबर कलणारा आस

दिल्लीच्या चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात नेरळ–माथेरान मार्गाचे 738 क्रमांकाचे वाफेचे इंजिन जतन केलेले आहे. पाहणारे बहुधा धुराड्यापाशी छायाचित्र काढून पुढे सरकतात. या इंजिनाची खरी करामत मात्र खाली, दोन चाकांच्या मधल्या आसात (ॲक्सलमध्ये) दडलेली आहे.

1907 साली सुरू झालेला हा सुमारे 20 किलोमीटरचा मार्ग आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधला. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट ठेवल्यामुळे आखूड वळणे घेत डोंगराच्या कडेकडेने जाता आले आणि कातळ फोडण्याचा खर्च वाचला. चढ मात्र काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट इतका आहे, म्हणजे एक टन वजन वर नेताना निव्वळ गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्यासाठीच 50 किलो वजनाइतका जोर लागतो. लोखंडी रुळावर चाक घसरू नये यासाठी इंजिनाचा सगळा भार ओढणाऱ्या चाकांवरच पडायला हवा. म्हणून सहाही चाके दांड्यांनी एकमेकांना जोडली आणि पाणी-कोळसाही इंजिनावरच लादला. पण असे तीन समांतर आस वळणावर अडून बसतात आणि चाकांच्या कडा रुळाला घासू लागतात.

यावर जर्मनीतील क्लीन आणि लिंडनर या अभियंत्यांनी काढलेला तोडगा ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने या इंजिनांत वापरला. पुढचा आणि मागचा आस दुहेरी आहे. आतला भरीव आस सांगाड्यात पक्का बसतो आणि दांडे त्यालाच फिरवतात. त्याच्या मध्यावर चेंडूसारखा फुगीर भाग असून त्याभोवती पोकळ नळी आहे. चाके बसवलेली आहेत ती या नळीवर. मनगटातल्या सैल बांगडीप्रमाणे नळी थोडी कलते, पण चेंडूतून आरपार गेलेल्या खिळीमुळे आतला आस फिरला की तिलाही फिरावेच लागते. ओढ कायम राहते आणि चाके वळणाच्या दिशेने वळतात.

या इंजिनांच्या रचनेचे श्रेय ब्रिटिश रेल्वे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांना दिले जाते. आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे त्यांनीच उभारली. पुढे ते पॅराशूट बनवण्याकडे वळले, हे जरा नवलाचेच.

अशा चार इंजिनांपैकी 740 क्रमांकाचे इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड या गावी पोहोचले. पोकळ आसाची देखभाल किचकट होती, कारण झिजणारे सांधे नळीच्या आत, हात पोहोचणार नाही अशा जागी होते. नंतर आलेल्या डिझेल इंजिनांत दोन-दोन आसांचे दोन गट स्वतंत्रपणे वळतात, त्यामुळे नळीची गरजच उरली नाही.