पहिलटकरणीचं वय आणि तिच्या तब्येतीचे धोके

पहिलं मूल कितव्या वर्षी झालं यावर बाईचे बाळंतपणातले आणि पुढच्या आयुष्यातलेही काही आजार बऱ्यापैकी अवलंबून असतात. पण सगळे धोके एकाच दिशेने जात नाहीत, त्यामुळे 'बरोबर वय' म्हणून एक आकडा सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये.

पंधरा-सोळाच्या आतल्या पहिलटकरणीचा कटीर (ओटीपोटाभोवतीचा हाडांचा सांगाडा) बऱ्याचदा पूर्ण वाढलेला नसतो, मग बाळ अडतं, आणि वेळेत सिझर झालं नाही तर बाळाचं डोकं तासन्‌तास दाबून राहिल्याने मूत्राशय आणि योनीमधला भाग मरून तिथे भोक पडतं, लघवी सतत गळत राहते. याला फिस्टुला म्हणतात. वीसच्या आतल्या आयांना विशीतल्या बायकांपेक्षा बीपी वाढून झटके येणं, बाळंतपणानंतर गर्भाशयात इन्फेक्शन होणं हेही जास्त. अर्थात यात वयाबरोबर गरिबी, ॲनिमिया आणि उशिरा मिळालेले उपचार यांचाही वाटा मोठा असतो.

दुसऱ्या टोकाला 35 ची रेघ. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1958 मध्ये 35 च्या पुढच्या पहिलटकरणीला 'वयस्क' ठरवलं आणि ते डोक्यात बसलं ते बसलंच. खरं तर पस्तिसाव्या वाढदिवसाला शरीरात काही घडत नाही, गर्भपात, बीपी, गरोदरपणातली शुगर, वार (प्लॅसेंटा) खाली असणं, सिझर हे सगळं हळूहळू वाढतं आणि चाळिशीनंतर जास्त जोरात.

खरी गुंतागुंत स्तनाच्या कॅन्सरची. मूल न होणाऱ्या नन्समध्ये तो जास्त दिसतो हे रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टरने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं. मग 1970 मध्ये मॅकमहन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतला डेटा एकत्र करून दाखवलं की अठराच्या आत पहिलं मूल झालेल्यांना हा धोका पस्तिशीनंतर झालेल्यांच्या साधारण एक तृतीयांश असतो. पूर्ण दिवसांच्या पहिल्या गरोदरपणात स्तनातल्या पेशी पक्व होतात, त्यामुळे असं होत असावं. गंमत म्हणजे हा फायदा लगेच मिळत नाही, उलट बाळंतपणानंतर काही वर्षं धोका थोडा वाढतो, आणि पहिलं मूल उशिरा झालं असेल तर ही वाढ जास्त दिसते.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मात्र उलटं, तिथे लवकरचं बाळंतपण धोका वाढवतं. आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये शेवटचं मूल कधी झालं हे बघतात, ते जितकं उशिरा तितका धोका कमी.