एआरटी उपचारांची परिणामकारकता

एचआयव्हीसह जगणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या विषाणूरोधक औषधोपचाराला अँटीरेट्रोव्हायरल थेरपी म्हणतात. दवाखान्यात आणि घरात तिचे नाव नुसते ‘एआरटी’. या गोळ्यांनी एचआयव्ही शरीरातून जात नाही, मात्र त्याची वाढ थांबते. निदान लवकर झाले आणि गोळ्यांत खंड पडला नाही, तर आयुर्मान संसर्ग नसलेल्या माणसाच्या जवळपास पोहोचते.

एचआयव्ही रक्तातील सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींत शिरतो, आपल्या आरएनएपासून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या जनुकद्रव्यात घुसवतो. हे करताना त्याच्या हातून सतत चुका होतात, म्हणून त्याचे रूप झपाट्याने बदलते आणि एकट्या औषधाला तो फार दिवस दाद देत नाही. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या झिडोव्ह्युडिनचा अनुभव असाच होता: काही महिने बरे वाटायचे, मग आजार उलटायचा. १९९६च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि चित्र पालटले. भारतात आज बहुतेकांना टेनोफोविर, लामिवुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. पहिली दोन औषधे डीएनए बनू देत नाहीत, तिसरे तो पेशीत रुजू देत नाही.

औषध सापडले तरी गरिबाच्या हाती ते उशिरा आले. सुरुवातीला वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, आणि आफ्रिकेतील उपचार मोहिमांना त्यातून बळ मिळाले. भारत सरकारची मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी आठ शासकीय रुग्णालयांत सुरू झाली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. तेव्हा रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधील सीडी-४ पेशींची संख्या दोनशेच्या खाली घसरेपर्यंत अनेकांना थांबावे लागे. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २०१७पासून निदान होताच, आकडा कितीही असो, उपचार सुरू करण्याचे धोरण आले. त्यामागे मोठा आधार होता २०१५ साली जाहीर झालेल्या ‘स्टार्ट’ चाचणीचा. लवकर उपचार सुरू केलेल्या गटात गंभीर आजार व मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते.

उपचार लागू पडला की नाही, हे व्हायरल लोडवरून कळते, म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत त्यावरून. नियमित गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांचा लोड सहा महिन्यांत दबतो. वजन आणि चेहऱ्यावरचा तजेला याआधीही परततो, पण त्यावर विसंबू नये. चाचणी करून घ्यावीच.

याचा फायदा जोडीदारालाही होतो. ‘एचपीटीएन ०५२’ या अभ्यासात पुण्यातील जोडपीही सहभागी होती. लवकर उपचार घेतल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे त्यात २०११ साली दिसले. पुढे युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासांत, लोड २००च्या खाली असलेल्या व्यक्तींकडून कंडोमविना संबंध येऊनही जोडीदाराला एकदाही संसर्ग झाला नाही. लोड दबलेला असेल तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही, ही आज स्थिर झालेली गोष्ट आहे, आणि लग्नाला उभ्या असलेल्या मुलामुलींना ती स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. आईकडून बाळाला होणारा संसर्ग उपचारांविना १५ ते ४५ टक्के असतो. उपचारांनी तो पाच टक्क्यांच्या खाली आणता येतो.

एआरटी केंद्रावर समुपदेशक मागची बाटली उघडून उरलेल्या गोळ्या मोजतात. तीसची बाटली, अठ्ठावीस दिवस झाले, तर दोनच उरायला हव्यात. ९५ टक्के डोस घेतले जावेत अशी अपेक्षा असते. महिन्यात दोन चुकले की प्रमाण त्याखाली जाते. डोस बहुधा निष्काळजीपणाने चुकत नाहीत. गावी लग्नाला जायचे, घर पाहुण्यांनी भरलेले, बाटलीवरचे नाव कुणी वाचेल या धास्तीने गोळ्या घरीच राहतात. कित्येकजण लेबल खरवडून काढतात किंवा गोळ्या दुसऱ्या डबीत भरतात. गोळीचा परिणाम असा घरच्यांच्या नजरेवरही ठरतो.

सर्वांत मोठा अडसर उशिरा झालेले निदान. सीडी-४ फार खाली गेल्यावर क्षयरोगासारखे आजार आधीच शिरलेले असतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन रक्तातील डोल्युटेग्राविर घटवते, त्यामुळे त्या काळात डोल्युटेग्राविरची जादा मात्रा दिवसातून दुसऱ्यांदा द्यावी लागते. अँटासिड, लोह व कॅल्शियमच्या गोळ्याही त्याचे शोषण अडवतात, म्हणून बाकी काय चालू आहे ते डॉक्टरांना सांगणे गरजेचे.

काही सीडी-४ पेशींत विषाणू निपचित पडून राहतो आणि तिथे औषधाचा प्रभाव पडत नाही. म्हणूनच गोळ्या बंद केल्यावर बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत पुन्हा दिसू लागतो. मात्र खंड पडलेल्या व्यक्तीला केंद्रावर परत येऊन उपचार पुन्हा सुरू करता येतात. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक मोफत आहे.