‘निपुत्रिक’ राजाची वंशावळ

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा (बायबलच्या नव्या करारातल्या पहिल्या पुस्तकाचा) पहिला अध्याय, म्हणजे येशूची वंशावळ, उपासनेत मोठ्याने वाचायची पाळी कुणालाच नको असते. अम्मीनादाब, नहशोन, जरुब्बाबेल... जिभेला वळण लागेपर्यंत यादी संपलेली असते. १८०५ साली श्रीरामपूरच्या (आपल्या नगरकडच्या नव्हे, बंगालमधल्या) मिशनऱ्यांनी मत्तय मराठीत छापला, तेव्हा त्या पहिल्या वाचकांपुढेही येशूच्या जन्माआधी ही नावांची रांगच आली असणार.

त्या रांगेत एक नाव खरे तर नसायला हवे होते. यखन्या, म्हणजेच यहोयाखीन.

हा प्राचीन इस्राएलचा राजा दावीद याच्या घराण्यातला. नाथान संदेष्ट्याच्या तोंडून दाविदाला वचन मिळाले होते की तुझे घराणे व तुझे राज्य कायम टिकेल. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी यखन्या अठराव्या वर्षी यरुशलेमेत गादीवर बसला आणि तीनच महिन्यांत, इ.स.पू. ५९७ मध्ये, बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने त्याला कैद करून बाबेलला नेले. यिर्मया संदेष्ट्याने आधीच सुनावले होते: हा परमेश्वराच्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असता तरी उपटून फेकला गेला असता, याला निपुत्रिक म्हणून लिहून ठेवा, याच्या वंशातला कुणी दाविदाच्या सिंहासनावर बसणार नाही.

पण मुले होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस जर्मन उत्खननात बाबेलच्या राजवाड्यात शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या सापडल्या. १९३९ मध्ये त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. इ.स.पू. ५९२ च्या सुमाराच्या या नोंदींत यहूदाच्या राजाला, म्हणजे यखन्याला, आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल दिले, ते कारकुनी बारकाईने लिहिले आहे. संदेष्टा ज्याला निपुत्रिक लिहा म्हणाला, त्याच्या मुलांच्या वाट्याचे तेल शत्रूचा कोठावळा मोजून देत होता! बायबलच्या इतिहासात मला याहून बोलका कागद (म्हणजे माती) ठाऊक नाही.

बायबलमधल्या स्तोत्र ८९ मधला आक्रोश अशाच काळाला शोभतो. मुकुट धुळीला मिळाला आहे, आणि गाणारा देवाला सरळ जाब विचारतो: तू दाविदाला शपथ घेऊन कबूल केलेले ते पूर्वीचे हेसेद कुठे गेले? हेसेद हा हिब्रू शब्द मराठीत एका शब्दात बसत नाही. दया, वात्सल्य असे भाषांतर होते, पण त्यात दिलेला शब्द जिव्हाळ्याने निभावण्याचा अर्थही आहे.

आता जुन्या करारातल्या ‘१ इतिहास’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडा. बहुतेक जण तो चाळतात. तिथे ‘बंदिवान यखन्या’ असा उल्लेख आहे आणि लगेच सात मुलगे. सफाई नाही, टीका नाही. पुढे नातू जरुब्बाबेल आणि त्याची मुले: हनन्या म्हणजे परमेश्वराने कृपा केली, बरेख्या म्हणजे त्याने आशीर्वाद दिला, हसद्या म्हणजे त्याने हेसेद केले. शेवटचे नाव यूशब-हेसेद. हेसेद परत येवो! स्तोत्रकर्त्याने जे हरवले म्हणून टाहो फोडला, ते यखन्याच्या पणतूच्या नावात आले. बारशाला असे नाव ठेवणाऱ्यांना आपण कुणाचे वंशज आहोत याचा विसर पडलेला नव्हता.

शाप खोटा ठरला असे मात्र नाही. जरुब्बाबेल बाबेलहून परत आला, यरुशलेमेच्या मंदिराचा पाया घातला, पण इराणी बादशहाचा सुभेदार म्हणूनच; गादी नाहीच. तरी इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा त्याला म्हणतो, परमेश्वर तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करील. तीच अंगठी, आजोबांच्या हयातीत फेकली गेलेली.

या याद्या जपण्यामागे व्यवहारही होता. बंदिवासातून परतलेल्यांपैकी काही याजक घराण्यांना वंशावळीच्या नोंदी शोधूनही सापडल्या नाहीत, म्हणून त्यांना याजकपणातून वगळले, असे जुन्या करारातल्या एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांचे दाखले हुडकत तहसील कचेरीत फेऱ्या मारलेल्या माणसाला त्यांची अवस्था समजावून सांगायला नको.

मत्तयाने हे सारे चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत बसवले. दावीद या नावातल्या हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीजही चौदाच होते. त्यासाठी योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळले. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको या यादीतल्या चौघी बायकांवर खूप लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही. मला लक्षात राहतो तो तिसरा गट. यखन्या, शल्तीएल, जरुब्बाबेल, आणि त्यानंतर अबीहूद, एल्याकीम, अज्जूर, सादोक... जुन्या करारात यांची कथाच नाही. ना लढाई, ना गादी, ना शिध्याची पाटी. बापाच्या पुढे मुलाचे नाव लागत जाते, आणि शेवटी नासरेथच्या सुताराचे, योसेफाचे, नाव येते.