एकच आक्रमण, दोन प्रशिक्षक : रॉयल, स्विट्झर आणि विशबोन

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये डॅलसच्या कॉटन बोल स्टेडियमची बरोबर मधोमध फाळणी होते. पन्नास यार्डांच्या रेषेच्या एका बाजूला टेक्सास विद्यापीठाचा करपलेला नारिंगी रंग, दुसऱ्या बाजूला ओक्लाहोमाचा गडद लाल. बाहेर टेक्सासची जत्रा भरलेली असते, पाळणे फिरत असतात. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये जुनी वैरं पुष्कळ आहेत. पण कोणत्या प्रशिक्षकाचं आक्रमण सरस, या वादासाठी या सामन्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. कारण १९७० च्या दशकात इथे समोरासमोर उभे राहिलेले दोन प्रशिक्षक, डॅरेल रॉयल आणि बॅरी स्विट्झर, विशबोन नावाचं एकच आक्रमण खेळवत होते, आणि ते एकाने दुसऱ्याकडून उचललेलं होतं.

रॉयल मूळचे ओक्लाहोमाचे. १९२४ मध्ये हॉलिस नावाच्या गावात जन्म, बालपण धुळीच्या वादळांच्या आणि मंदीच्या काळातलं. पुढे ओक्लाहोमा विद्यापीठातच बड विल्किन्सन यांच्या हाताखाली ते क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारा खेळाडू, म्हणून खेळले. १९५७ मध्ये टेक्साससारख्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी आपल्या गुरूंना १५-१४ असं हरवलं. तिथून सलग आठ वर्षं ओक्लाहोमाला हा सामना जिंकता आला नाही. १९६३ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदही आलं. मग मात्र घसरण लागली. १९६५, १९६६ आणि १९६७ या तिन्ही हंगामांत टेक्सासने प्रत्येकी चार सामने गमावले. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शहरात एवढे पराभव खपवून घेण्याची सवय कोणालाच नव्हती.

रॉयल यांच्याकडे तेव्हा धावणारे खेळाडू भरपूर होते. क्रिस गिल्बर्ट, टेड कॉय आणि नव्याने आलेला दणकट स्टीव्ह वॉर्स्टर. या तिघांना एकाच वेळी मैदानात कसं उतरवायचं, हा प्रश्न त्यांनी एमरी बेलार्ड या सहायक प्रशिक्षकापुढे ठेवला. बेलार्ड शाळांच्या संघांना शिकवून वर आलेले. १९६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी कागदावर एक रचना मांडली. क्वार्टरबॅकच्या लगेच मागे फुलबॅक, आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक हाफबॅक, तिघेही चेंडू घेऊन धावणारे. वरून पाहिलं तर इंग्रजी वाय अक्षर. ह्यूस्टनचा क्रीडा पत्रकार मिकी हर्स्कोविट्झ याला त्यात कोंबडीच्या छातीचं दुबेळक्यासारखं हाड दिसलं, आणि नाव पडलं विशबोन.

या रचनेतली खुबी समजून घेतल्याशिवाय पुढची तुलना कळणार नाही, म्हणून एक चाल सावकाश पाहू. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो चेंडू फुलबॅकच्या पोटाशी टेकवतो, पण सोडत नाही. त्याची नजर चेंडूवर नसते. ती असते बचावफळीतल्या एका खेळाडूवर, ज्याला मुद्दाम कोणीही अडवलेलं नाही. तो आत फुलबॅकवर झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि बाहेरच्या बाजूला पळतो. तिथे दुसरा मोकळा सोडलेला बचावपटू उभा असतो. तो अंगावर आला, तर चेंडू बाजूने धावणाऱ्या हाफबॅककडे फेकायचा. तो हाफबॅककडे वळला, तर स्वतःच घेऊन पळायचं. उरलेला दुसरा हाफबॅक पुढे पळत वाट मोकळी करतो. सगळा निर्णय दोन पावलांत. कबड्डीत कोपरारक्षकाने घाईने सूर मारला की चढाईपटू त्याच मोकळ्या जागेतून निसटतो, तसंच हे. समोरच्याने काहीही केलं तरी त्याचंच चुकलं पाहिजे, अशी ही आखणी होती.

ह्यूस्टनचे बिल योमन ‘व्हीअर’ नावाचं अशाच वाचनाचं आक्रमण आधीपासून खेळवत होते. बेलार्डनी त्यात वाट करून देणारा आणखी एक माणूस घातला. मला हे श्रेय मोठं वाटतं. नवं काही शोधण्यापेक्षा, हाताशी असलेल्या गोष्टीत नेमकी कुठे माणसाची उणीव आहे हे ओळखणं अवघड असतं.

सुरुवात काही झोकात झाली नाही. पहिला सामना ह्यूस्टनशी २०-२० असा बरोबरीत सुटला, दुसरा टेक्सास टेकने जिंकला. रॉयल यांनी क्वार्टरबॅक बदलला. बिल ब्रॅडलीसारख्या लोकप्रिय खेळाडूला बसवून जेम्स स्ट्रीट नावाचा शिडशिडीत, हजरजबाबी मुलगा आणला आणि फुलबॅकला थोडं मागे उभं केलं, म्हणजे वाचायला किंचित जास्त वेळ मिळावा. त्यानंतर टेक्सासने सलग ३० सामने जिंकले. स्ट्रीटने सुरुवात केलेल्या २० सामन्यांपैकी एकही संघाने गमावला नाही.

याच काळातला ६ डिसेंबर १९६९ चा आर्कान्सासविरुद्धचा सामना रॉयल यांच्या कौशल्याची खरी परीक्षा होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन प्रेक्षकांत होते. चौथा आणि शेवटचा भाग सुरू होताना टेक्सास ०-१४ असं मागे. स्ट्रीटने ४२ यार्ड पळत जाऊन गुण मिळवले, मग जादा दोन गुणही स्वतःच पळून घेतले. १४-८. दहा यार्ड पुढे जायला संघाला चारच प्रयत्न मिळतात. पाच मिनिटांहूनही कमी वेळ उरला असताना चौथा प्रयत्न आला, हवे होते तीन यार्ड, आणि चेंडू टेक्सासच्याच अर्ध्यात. धावण्यावर सगळा संघ उभा केलेल्या प्रशिक्षकाने इथे लांब फेक मागितली. स्ट्रीटने परत येऊन खरंच हीच चाल हवी ना, असं विचारून घेतलं. रँडी पेशेलने दोन बचावपटूंच्या मधून ४४ यार्डांची ती फेक झेलली. दोन चालींनंतर गुण, शेवट १५-१४. रॉयल यांना फेक आवडत नाही म्हणणाऱ्यांनी हा सामना नीट पाहावा. सगळे धावण्याची वाट पाहत असतानाच फेकलेला चेंडू सर्वांत सुरक्षित, हे त्यांना कळत होतं.

आता दोन राज्यांमधल्या रेड नदीच्या पलीकडे. स्विट्झर यांचा जन्म १९३७ चा, आर्कान्सासमधल्या क्रॉसेटचा. वडील चोरटी दारू विकायचे, घरची परिस्थिती ओढगस्तीची. आर्कान्सासकडून खेळून आणि तिथेच उमेदवारी करून ते १९६६ मध्ये ओक्लाहोमाला आले. १९७० मध्ये ते मुख्य प्रशिक्षक चक फेअरबँक्स यांच्या हाताखाली आक्रमणाची जबाबदारी सांभाळत होते. हंगामाची सुरुवात रडतखडत झाली. ओरेगॉन स्टेटकडून घरच्या मैदानावर पराभव झाल्यावर फेअरबँक्स यांची नोकरी जाणार अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा स्विट्झर यांनी हट्ट धरला की चालू हंगामातच विशबोन घ्यायचं. आणि पुढचा सामना कोणाशी होता? ज्यांचं ते आक्रमण होतं त्या टेक्सासशी. निकाल ४१-९, अर्थात टेक्सासच्या बाजूने.

ओक्लाहोमाला अडलेल्या गोष्टी समजावून देण्याची मोकळीक रॉयल यांनी बेलार्डना दिली होती, असं सांगितलं जातं. अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनाही रॉयल यांनी हात आखडता न घेता सगळं शिकवलं. ब्रायंट यांनी ताडपत्र्या लावून गुपचूप सराव केला आणि १९७१ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसला जाऊन बलाढ्य यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) १७-१० हरवलं. आपली विद्या अशी वाटून टाकणारा प्रशिक्षक आज शोधून सापडणार नाही.

ती विद्या वर्षभरात त्यांच्यावरच उलटली. १९७१ मध्ये डॅलसला ओक्लाहोमाने टेक्सासला ४८-२७ असं झोडपलं. ग्रेग प्रुइट या हाफबॅकने एकट्याने २१६ यार्ड धावून काढले. आधी कडेला उभा राहून फेकी झेलणारा हा बुटका, विलक्षण चपळ मुलगा स्विट्झर यांच्या विशबोनमध्ये हाफबॅक झाला होता. त्या हंगामात ओक्लाहोमाने सामन्यागणिक सरासरी ४७२.४ यार्ड धावून मिळवले. हा विक्रम आजही उभा आहे. विजेतेपदी पोचलेल्या १९६९ च्या टेक्सासची सरासरी ३६० च्या थोडी वर होती, आणि तीसुद्धा तेव्हा देशात सर्वोत्तम होती.

मग चाल तीच असताना फरक कशात पडला? रॉयल यांचं विशबोन दणक्याचं होतं. वॉर्स्टरसारखा फुलबॅक मधून घुसत राहायचा, तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा तीन, आणि चेंडू आपल्याकडेच ठेवून समोरच्याला दमवायचं. स्विट्झर यांनी गुरुत्वमध्य बाहेर सरकवला. त्यांच्या आक्रमणाचा खरा घाव कडेला, तिसऱ्या पर्यायावर होता, जिथे चेंडू हवेतून फेकावा लागतो आणि निसटण्याचा धोका सर्वांत जास्त. ओक्लाहोमाच्या हातून चेंडू सारखे सुटायचे, ही तक्रार खरी आहे. १९७५ मध्ये कॅन्ससने त्यांना घरच्या मैदानावर २३-३ असं हरवलं तेही असेच चेंडू गमावल्यामुळे. स्विट्झर यांनी ही किंमत समजून-उमजून मोजली. चार चेंडू गेले तरी पाचव्या वेळी प्रुइट किंवा जो वॉशिंग्टन साठ यार्ड पळणार, हा त्यांचा हिशेब.

दुसरा फरक मैदानाबाहेरचा आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. १९६९ चा टेक्सासचा विजेता संघ संपूर्ण गोऱ्या खेळाडूंचा होता. त्या विद्यापीठाच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ज्युलियस व्हिटियर, १९७० मध्ये उतरला. ओक्लाहोमाने हे दार विल्किन्सन यांच्या काळातच, १९५० च्या दशकात प्रेंटिस गॉटला घेऊन उघडलं होतं. स्विट्झर यांनी ते सताड उघडलं. प्रुइट ह्यूस्टनचा, वॉशिंग्टन पोर्ट आर्थरचा, पुढे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन करंडक जिंकणारा बिली सिम्स हुक्सचा. तिन्ही गावं टेक्सासमधली. कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी जाऊन, स्वयंपाकघरात बसून, आयांशी मनमोकळं बोलून मुलं संघात आणणं हे स्विट्झर यांना सहज जमायचं, कारण गरिबी त्यांनी स्वतः भोगली होती. रॉयल यांच्या अंगणातला वेग ते उचलून नेत होते. त्यामुळे कोणाचं आक्रमण श्रेष्ठ हे फक्त गुणफलकावरून ठरवणं मला पटत नाही. उशिरा उघडलेल्या दाराची जबाबदारी टेक्सास आणि रॉयल यांच्यावर राहतेच, पण तो हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

१९७३ मध्ये स्विट्झर मुख्य प्रशिक्षक झाले. टेक्सासविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी रॉयल यांना ५२-१३ असं हरवलं, मग १६-१३, मग २४-१७. पहिल्या तीन हंगामांत त्यांचा हिशेब ३२ विजय, एक पराभव, एक बरोबरी, आणि १९७४ व १९७५ ची विजेतेपदं. नियमभंगाबद्दल शिक्षा असल्यामुळे त्यांतले कितीतरी सामने देशाला टीव्हीवर दिसलेच नाहीत.

१९७६ चा सामना आला तो कडवटपणा घेऊन. आपले सराव ओक्लाहोमाने हेरले, असा आरोप रॉयल यांनी जाहीरपणे केला आणि स्विट्झर यांच्यासह संबंधितांनी खोटं पकडण्याच्या यंत्राची चाचणी द्यावी, उत्तीर्ण झाल्यास दहा हजार डॉलर देईन, असं आव्हान दिलं. कोणी चाचणी दिली नाही. १९७२ च्या सामन्याआधी हेरगिरी झाली होती, हे स्विट्झर यांनी पुढे आत्मचरित्रात मान्य केलं. नाणेफेकीला राष्ट्राध्यक्ष फोर्ड दोघांच्या मधून चालत आले, आणि दोघे एकमेकांकडे पाहतही नव्हते. शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत टेक्सास ६-० पुढे होतं. मग टेक्सासच्या हातून चेंडू निसटला, ओक्लाहोमाने गुण केले, आणि विजयाच्या किकसाठी मागे आलेला चेंडूच नीट हातात बसला नाही. ६-६. त्या हंगामानंतर रॉयल निवृत्त झाले. ओक्लाहोमाविरुद्ध त्यांचे विजय १२, पराभव सात, बरोबरी एक. मुख्य प्रशिक्षक स्विट्झर यांच्याविरुद्ध एकही विजय नाही.

टेक्सासच्या नव्या प्रशिक्षकांनी १९७७ मध्ये विशबोन सोडून दिलं. बेलार्ड तर त्याआधीच टेक्सास ए अँड एमला गेले होते. स्विट्झर यांनी मात्र १९८० च्या दशकात एकदा ट्रॉय एकमन या क्वार्टरबॅकला आणून फेकीचा खेळ करून पाहिला. १९८५ मध्ये एकमनचा पाय मोडला, जमेल होलीवे हा पहिल्या वर्षाचा पोरगा आला, संघ पुन्हा विशबोनकडे वळला आणि स्विट्झर यांनी तिसरं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. बेलार्डनी कागदावर मांडलेल्या त्या रचनेला तेव्हा १७ वर्षं झाली होती.