सात सेकंदांची चिठ्ठी

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल लागून आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा नव्वदी पार केलेले कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव पुण्याच्या फुलेवाड्यात तीन दिवस आत्मक्लेश उपोषणाला बसले. निवडणुकीतला पैशाचा वापर हा एक आक्षेप होता, ईव्हीएम हा दुसरा. या यंत्रावरची शंका नवी नाही. ती यंत्राबरोबरच जन्मली.

मे १९८२. केरळमधल्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्र पहिल्यांदा लागलं. सिवन पिल्लै १२३ मतांनी जिंकले, हरलेले ए. सी. जोस कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या केंद्रांवर फेरमतदान घ्यायला लावलं. कारण गमतीचं होतं: यंत्र बिघडलं नव्हतं, कायद्यात त्याला जागाच नव्हती. कागदावर पुन्हा मतं पडली आणि जोस निवडून आले! १९८८ मध्ये कायदा बदलला, १९९८ मध्ये तीन राज्यांतल्या १६ मतदारसंघांत यंत्र पुन्हा आलं आणि २००४ ची लोकसभा देशभर त्यावरच झाली.

मिळालं काय, हे शिक्क्याचा जमाना पाहिलेल्यांना विचारावं. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध पडला की मत बाद. घडी घालताना शाई पलीकडे उमटली की मोजणीच्या टेबलावर हुज्जत. आणि केंद्र ताब्यात घेणाऱ्यांना गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारता येत. यंत्र मिनिटाला चारच मतं घेतं. शमिका रवी, सिसिर देबनाथ आणि मुदित कपूर या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात तर यंत्र आल्यावर नोंदलेलं मतदान घटलेलं दिसलं, आणि जिथे गैरप्रकारांची ख्याती जास्त तिथे ते अधिक घटलं. म्हणजे आधीच्या आकड्यांतले काही ‘मतदार’ केंद्रावर आलेच नव्हते.

गेलं ते मात्र साधं होतं: आपलं मत आपल्या डोळ्यांनी पाहणं. ते परत आलं २०१३ मध्ये, नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत. मत कुणाला गेलं ते छापून काचेआड सात सेकंद दिसणारी, यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅट या छपाईयंत्राची चिठ्ठी. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्रातल्या आकड्यांशी ताळा घेतात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा किंवा मतपत्रिका परत आणा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली.

पुण्यात २०१९ च्या लोकसभेला प्रत्येक केंद्रावर ही चिठ्ठी होती, तरी निम्मेसुद्धा मतदार फिरकले नाहीत. तो दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही.

महापालिकेची तऱ्हा आणखी वेगळी. २०१७ मध्ये बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते: अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची, चार बटणं दाबायची, चिठ्ठी एकही नाही. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढचं मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं पुणेकरांना आपला नगरसेवक निवडायला यंत्रही नव्हतं आणि कागदही नव्हता.