घटातले जव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी घटस्थापनेला परडीत जव पेरतात. महाराष्ट्रात याला सातूही म्हणतात, ग्वाल्हेरात मात्र जवच. दाल बाजारातून आणलेलं बी नवव्या दिवशी एका उंचीचं, एका रंगाचं उभं असायचं. एका वर्षी आजीने भिंडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याने दिलेलं घरचं बी पेरलं. काही रोपं वीतभर, काही त्याच्या निम्मी, काहींचे बुंधे जांभळट. "बी मिसळीचं दिसतंय," म्हणत आजी हिरमुसली. पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं, की नवा वाण तयार करणारा पैदासकार अशाच मिसळीच्या शोधात गावोगाव हिंडतो.

जवाचं परागण फुलातल्या फुलात, बहुधा ओंबी पानाच्या म्यानातून पुरती बाहेर पडण्याआधीच उरकतं. त्यामुळे वाण पिढ्यान् पिढ्या तसाच राहतो, पण नवे गुणही सहसा आपणहून येत नाहीत. ते आणायचे तर चिमट्याने कोवळे परागकोश काढायचे, ओंबीवर पिशवी चढवायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग आणून लावायचे. दोन्ही वाण आतून सारखेच असतील, तर एवढी मेहनत फुकट.

आता उत्पन्नाचं बघा. फुटवे किती, ओंबीत दाणे किती, दाणा वजनाला किती, या तिन्हींचा तो गुणाकार. रानटी जवाच्या ओंबीत प्रत्येक पेरावर तीन फुलं असतात, पण दाणा भरतो फक्त मधल्या फुलात. बाजूच्या दोघांना एक जनुक रोखून धरतं. हे जनुक निकामी झालं, तिन्ही फुलांत दाणे भरू लागले आणि दोन ओळींच्या जागी सहा ओळींची ओंबी मिळाली. ते जनुक नेमकं कोणतं, हे 2007 मध्ये उलगडलं. मग सहा ओळींचं उत्पन्न तिप्पट व्हायला हवं होतं, पण बाजूचे दाणे बारीक राहतात आणि फुटवेही सहसा कमी येतात. एक वाढवलं की दुसरं घटतं. ही कोंडी फोडायला वेगवेगळ्या बाजूंनी बळकट असलेले आईबाप लागतात.

ते निवडायचे कसे? इथे मला संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांची फार मोठी मदत वाटते. कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांवर काम करता करता त्यांनी दोन समूहांमधलं अंतर अनेक मापांवरून एकदम काढण्याचं सूत्र घडवलं आणि 1936 मध्ये ते मांडलं. उंच रोपाची ओंबीही अनेकदा लांब असते. अशी एकमेकांत गुंतलेली मापं दोनदा मोजली जाऊ नयेत, याची काळजी ते सूत्र घेतं. आपल्या कृषी विद्यापीठांत आजही जवाचे वाण शेजारीशेजारी पेरून फुटवे, दाणे, हजार दाण्यांचं वजन मोजतात आणि त्यांचे गट पाडतात. एकाच भागातले दोन वाण कधी दूरच्या गटांत पडतात, तर फार लांबून आलेले एकाच गटात सापडतात. नकाशावरचं अंतर आणि जनुकांतलं अंतर एक नव्हे. अर्थात नुसतं दूर असूनही चालत नाही, दोघांतही घेण्यासारखं काही हवं.

कधी तो गुण गोळा करणाऱ्यालाही ठाऊक नसतो. 1930 च्या दशकात इथिओपियातून आणलेल्या स्थानिक जवांत भुरी रोगाला अडवणारं एक जनुक निघालं. त्याच्यामुळे पानांवर डाग पडून उत्पन्न घटे. ती खोड कमी करण्यात वर्षं गेली. 1979 पासून युरोपातले अनेक वाण त्याच्या आधारावर उभे आहेत आणि एवढ्या दशकांत भुरीला त्याच्यावर पुरती मात करता आलेली नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बियाणं उणे 18 अंशांवर जपतात. ते हवंच, पण तिथे बी झोपलेलं असतं. चंबळच्या फाल्गुनातलं ऊन आणि उशिराचं पाणी शेतातल्याच बियाला सोसावं लागतं, आणि सोसता सोसता त्यातलं काही निवडलं जातं.

यंदा त्या भिंडच्या शेतकऱ्याच्या मुलाला विचारलं. शेतात आता गहू आणि मोहरी असते. जव फक्त घटापुरते, बांधाच्या कडेला दोन ओळी. त्यातलं ओंजळभर बी मी मागून आणलंय.